मंदाने भरलेली मोटर

हे मी कुणाजवळ बोललेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळही नाही. तशी मी तोंडाळ बाई. शेजारणीचं नि तिच्या सुनेचं वाजलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या चाळीला मीच ऐकवलेलं असतं. पण ही एक गोष्ट जिभेवर आली की मी विषय बदलते. मग आज तुम्हालाच का सांगतेय? — कारण तुम्ही मंदाला ओळखत नाही.

मंदा माझ्याबरोबर तळवड्याच्या वर्कशॉपमध्ये होती. परभणीकडची. जळालेल्या मोटरी यायच्या आणि आम्ही त्या परत भरून द्यायचो. तांब्याच्या तारेच्या कॉइली करून मोटरच्या खाचांमध्ये एकेक बसवायच्या, हे तिचं काम. बाई गुणगुणत बसवायची, पण तारेवरच्या लेपाला कधी ओरखडा नाही. माझं काम तिच्या आधी आणि नंतर — आधी जळालेल्या कॉइली उपसून काढायच्या, आणि तिनं नव्या भरल्या की ते धूड गरम करून वॉर्निशच्या टाकीत बुडवायचं, मग भट्टीत भाजायचं. डबा एकत्र, बस एकत्र, जावांची गाऱ्हाणी एकत्र. तिच्या शेंगदाण्याच्या चटणीत लसूण एवढा, की दुपारभर आमच्याजवळ कुणी फिरकायचं नाही. ती चव अजून तोंडात येते, आणि मग पुढ्यातलं जेवण जात नाही.

वॉर्निशचं कसं असतं — मोटर बुडवली की बुडबुडे येतात. तारांमध्ये अडकलेली हवा बाहेर निघते नि तिच्या जागी वॉर्निश शिरतं. बुडबुडे थांबेपर्यंत टाकीजवळून हलायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. घाईनं उचलली तर मोटर वरून चकचकीत, आत कोरडी. मग चालताना आतल्या तारा थरथरतात, एकमेकींना घासतात, आणि कधीतरी मोटर जळते. वरून बघून मात्र कुणालाही काही कळत नाही.

एक दिवस मालक म्हणाले, चाकणच्या एका मोठ्या कंपनीत वाइंडिंगला, म्हणजे कॉइली भरायला, चांगला हात हवाय, मी मंदाचं नाव दिलंय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मंदा हसून माझ्याकडेच बघत होती, आणि मला — खरं सांगू? — मला तिचा राग आला. जाणार म्हणजे काय? मला विचारलं का? रुसलेच मी, एवढी घोडी झाले तरी. त्याच दुपारी तिनं भरलेली मोटर मी टाकीत सोडली. मंदा मागून काहीतरी विचारत होती. मला तिच्याशी बोलायचं नव्हतं, तिथं उभंसुद्धा राहायचं नव्हतं. मी साखळी ओढून मोटर वर घेतली. बुडबुडे अजून येत होते. मी ते बघितले होते.

ती मोटर पिंपळे गुरवच्या एका सोसायटीच्या पाण्याची. मंदाचं चाकणचं सगळं ठरलं आणि मोटर जळून परत आली. सोसायटीचे लोक मालकांना नको नको ते बोलून गेले. मालकांनी वरवर पाहिलं आणि म्हणाले, बसवताना तार सोलली गेली असणार, आता हिला कुठल्या तोंडानं चाकणला पाठवू? मंदा आपले हात उलटेपालटे करून बघत होती. "माझाच हात चुकला असंल," एवढंच म्हणाली.

कॉइली उपसायचं काम माझं. मी त्या कापल्या. वर काळा थर, आणि आत — आत तारा सुट्या, कोरड्याठाक, वॉर्निशचा थेंब नाही. ते मालकांपुढे धरायला किती वेळ लागला असता? मी ते भंगाराच्या पोत्यात कोंबलं आणि वरून दुसरं भंगार ओतलं.

भीतीनं? छे! भीती असती तर बरं झालं असतं. माझी नोकरी काही जात नव्हती. मालक चार शब्द बोलले असते नि विसरले असते. मी गप्प बसले, कारण मंदा आता जाणार नव्हती. बस, हेच ते. परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून रडत होती, मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, आणि आतून मला इतकं हायसं वाटत होतं की सांगतानासुद्धा लाज वाटते.

पण ती राहिली कुठे? तिचा हातच बिचकला. बसवलेली कॉइल उसवायची, परत बसवायची, मला विचारायची — बघ गं, सोललीय का? मी म्हणायचे, चांगली आहे. तिला पटायचं नाही. गुणगुणणं बंद झालं. दिवाळीच्या तोंडावर तिनं काम सोडलं. आता ताथवड्याला कॉलेजच्या पोरांच्या मेसमध्ये पोळ्या लाटते. तिच्या जागेवर दुसरी बाई आली, चांगली आहे बिचारी. मी डबा एकटीच खाते. मंदाची इतकी आठवण येते की कधी कधी ताथवड्याच्या बसमध्ये चढते आणि मधल्याच स्टॉपवर उतरते.

मध्यंतरी एका लग्नात ती दिसली. तीच धावत आली. माझे दोन्ही हात धरले आणि भोवतीच्या बायकांना सांगायला लागली — त्या टायमाला सगळ्यांनी मला नावं ठेवली, ही एकटीच एका शब्दानं बोलली नाही, माझ्या बहिणीनं केलं नसतं एवढं हिनं केलं. बायका माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. मी म्हटलं, "असू दे गं." आणि तिनं हात सोडू नयेत म्हणून तशीच उभी राहिले.