रेनकोटला पावडर

माझ्या दोघा नातवंडांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुला नवीन जॅकेट पाठवू का?" मी नुसतं "नको" म्हणाले. आजोबा शेजारीच पलंगावर होते. आपल्या घरात कुठूनही बोललं तरी त्यांना ऐकू जातं, म्हणून उरलेलं उत्तर लिहून पाठवते आहे.

आजोबांचं डावं अंग लुळं पडल्यापासून माझा दिवस घरातच जातो. औषधं, जेवण, त्यांची कूस बदलणं, परत औषधं. मी स्वयंपाकघरात गेले की लगेच हाक येते, "अगं, कुठे आहेस?" तीन खोल्यांच्या घरात मी कुठे असणार! गॅलरीला जाळी बसवली ती कबुतरांसाठी. कबुतरं बाहेर मजेत आहेत, जाळीच्या आत मी आहे.

संध्याकाळी आजोबांना मालिश करायला मावशी येतात आणि तासभर थांबतात. तेवढा वेळ माझा. काठी घेऊन मी नारायण पेठेतून नदीवरच्या पुलापर्यंत जाते, कठड्याला टेकून उभी राहते आणि परत येते. तिथे मला कुणी हाक मारत नाही, एवढ्यासाठीच जाते. एका हातात काठी असते आणि रस्ता ओलांडताना दुसरा हात गाड्यांना दाखवावा लागतो. छत्री धरायला तिसरा हात नाही. म्हणून तुमच्या आईने तिकडून हे जॅकेट आणलं. बाहेरचं पाणी आत घेत नाही आणि आतला घाम कोंडून ठेवत नाही, असं कापड. तीन पावसाळे मी त्यात कोरडी राहिले.

यंदा मात्र पुलावरच ते ओल्या पोत्यासारखं अंगाला चिकटलं. बाहेरून पाणी, आतून घाम. घरी आले ती कुडकुडत, आणि मग खोकला धरला. तुमच्या आईने फोनवरून हुकूम सोडला, "आई, पाऊस असेल तर बाहेर पडायचं नाही." तेव्हा पुण्यात रोजच पाऊस होता.

मग मावशी येत, मालिश करत, आणि मी पलीकडच्या खोलीत घडी घातलेल्या कपड्यांच्याच पुन्हा घड्या घालत बसे. आजोबा खूश होते. "बरं झालं, घरी असतेस," ते म्हणाले. प्रेमानेच म्हणाले. मला मात्र श्वास पुरेना. मी उठून गॅलरीत गेले, तर पाठोपाठ हाक आली.

त्याच दिवशी भिंग घेऊन जॅकेटच्या आतली धुण्याची चिठ्ठी वाचली. सौम्य साबण, कपडे मऊ करणारं औषध घालू नये, पिळू नये. चेन आणि सगळे पट्टे लावून ते बादलीत बुडवलं. थोडं चोळताच पाणी पातळ ताकासारखं पांढरं झालं आणि न्हाणीघरभर टाल्कम पावडरचा वास सुटला.

तुम्हाला हे माहीत नसेल. पूर्वीचे रेनकोट रबराचे असत. पावसाळा संपला की ते पुसून, आतबाहेर पावडर लावून ठेवायचे, नाहीतर घड्या एकमेकींना चिकटत. आमच्याकडे ते काम आजोबांचं. आजारी पडल्यावरही दसऱ्यानंतर ते मागून घेत, मांडीवर वर्तमानपत्र पसरत आणि उजव्या हाताने पावडर चोळत. तीन वर्षं त्यांनी तुमच्या आईने आणलेलं हे जॅकेटही तसंच चोळलं होतं. अगदी शिवणींपर्यंत.

"अहो, तुमच्या पावडरने जॅकेटची छिद्रं बुजली," मी म्हणाले.

"मला तर रोज लावतेस. मी बुजलो का?"

"तुम्ही रबराचे आहात."

त्यावर ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, "आणि जॅकेट सुधारलंच नाही, तर?" मी न्हाणीघरात परत गेले.

पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळून काढलं. डोंगर चढणाऱ्या मुलांचं सामान विकणाऱ्या दुकानातून कापडात पाणी मुरू न देणारा फवारा मागवला. जॅकेट ओलं असतानाच तो सगळीकडे मारला, जास्तीचा फडक्याने टिपला. न्हाणीघरात वाळायला टांगलं. त्या दमट हवेत ते वाळता वाळेना. वाळल्यावर वर सुती पंचा ठेवून कोमट इस्त्री फिरवली. उष्णता लागल्याशिवाय फवारा कापडात बसत नाही.

मग ते आजोबांच्या मांडीवर पसरलं आणि त्यांच्या हातात फुलपात्र दिलं. "ओता." त्यांनी हळूच पाणी ओतलं. अळवाच्या पानावर व्हावेत तसे त्याचे थेंब झाले आणि घरंगळून चादरीवर गेले. चादर भिजली. जॅकेट कोरडं. आजोबा त्याच्यावरून बोट फिरवत राहिले.

"म्हणजे आता तू परत जाणार."

"हो."

"पावसातसुद्धा."

"तासभर."

ते खिडकीकडे बघत होते. "जा मग. नदी जागेवर आहे का बघून ये."

तुमच्या आईला मी कोरड्या अस्तराचा फोटो पाठवला. तिने नुसता अंगठा पाठवला. तो मी परवानगी म्हणून घेतला.

तेव्हा नवीन काही पाठवू नका. दसऱ्यानंतर आजोबा पावडर मागतील, त्यांच्यासाठी माळ्यावरचा जुना रबरी रेनकोट काढून ठेवला आहे. दार उघडताना अजून हाक येते, आणि कधी कधी मी चप्पल काढून परत आत जाते. जॅकेटची डाव्या खांद्यावरची शिवण झिरपते. टोपी, पाठ आणि उजवा खांदा शाबूत आहे. संध्याकाळचा तासही आहे.