राजपुत्र घरी पोचेपर्यंत

गोष्टी सांगणाऱ्या बाईजवळ गोष्टी राहत नाहीत, त्या लोक घेऊन जातात. तिच्याजवळ राहतात ते गोष्ट सांगताना झालेले तमाशे. माझ्याजवळ ते इतके साचले आहेत की ओल्या पानांच्या गड्डीसारखे एकाला एक चिकटून येतात. एक उचलायला जावं तर चार हातात.

लकडगंजाच्या मागं बिडीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि त्याखाली आम्ही बाया. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, तंबाखू, धागा. आमच्या कोपऱ्यात चौघी होतो. मंजुळाबाई सगळ्यांत म्हातारी, तुळसा सगळ्यांत लहान, मधल्या गंगू आणि मी. गोष्ट माझ्याकडं. सांगणारीचे हात मंद होतात, म्हणून बाकीच्या तिघी आपल्या बिड्यांतून मूठ मूठ माझ्या सुपात टाकत. असा रिवाजच होता. हुंकारा द्यायचं काम गंगूचं. पण ती नुसतं "हं" म्हणून थांबत नसे.

"हं. पोचला का घरी?"

राजपुत्र अजून वेशीबाहेर पडलेला नसे, तरी हेच.

त्याला कारण होतं. मोठ्या लढाईचे दिवस होते. गंगूचा नवरा एका सकाळी घासलेट आणतो म्हणून शिशी घेऊन निघाला, तो सरळ कामठीच्या छावणीत जाऊन खच्चरं हाकायला भरती झाला. घरात शब्द नाही. गंगूला तिसऱ्या दिवशी कळलं, तोवर तो रेल्वेत बसला होता. कुठं, तर बसऱ्याला. बसरा कुठं आहे ते कारखान्याच्या मुनशीलाही सांगता येईना. तो नुसता मावळतीकडं हात करायचा.

"वाडी गावाच्या पुढं का गा?" मंजुळाबाईनं विचारलं.

"पुष्कळ पुढं."

*

घर सोडल्याशिवाय राजपुत्राची गोष्ट चालू होत नाही. राजा म्हणतो, तीन दिशांना जा, चौथीला जाऊ नको, तिकडं राक्षस आहे. पोरगा नेमका चौथीलाच जातो.

"मग तो बाप सांगतेच काहून?" तुळसा म्हणाली.

"नाही सांगितलं तर पोरगा घरीच बसन. मग तू दिवसभर काय ऐकशील, मुनशीचं खोकणं?"

त्या दिवशी माझ्या तोंडून चौथी दिशा कळमन्याकडची निघाली. मंजुळाबाईनं सूप खाली ठेवलं.

"माह्यं माहेर आहे कळमन्याले. माह्या माहेरात राक्षस राहते का?"

राक्षस उचलला, वाडीकडं नेला. तुळसा रडकुंडीला आली. "माही मावशी राहते वं तिकडं. एकटीच आहे."

शेवटी त्याला कन्हान नदीच्या पार नेऊन बसवलं. तिकडची आमच्यात कोणी नव्हती. तेव्हापासून माझे सगळे राक्षस तिथंच राहतात.

गंगूनं मनात काही हिशेब केला. "कन्हान तं कामठीले लागूनच आहे. मग दूर नाही. येईन तो."

*

मुनशी एकेक बिडी चिमटीत दाबून पाहायचा. ढिली लागली की टोपल्याबाहेर. गोष्टीकडं त्याचं लक्ष नाही असं आम्ही समजत होतो. एका संध्याकाळी आमच्या बिड्या दाबता दाबता तो म्हणाला, "आज सकाळी लढाई झाली अन् जेवणानंतर लगीन लागलं."

तुळसा पुढं सरकली.

"तुमाले कसं समजलं जी?"

"ह्या पाहा, दगडासारख्या. ह्या लढाईतल्या. अन् ह्या फुसफुशा, ह्या लगनातल्या." मग उठता उठता म्हणाला, "उद्या माल मोठा जाऊन राहिला. लगीन नको. राक्षसच चालू द्या."

*

बसऱ्याहून पत्र आलं. मुनशीनं वाचलं. "मी खुशाल आहे. खच्चरं खुशाल आहेत. ऊन फार आहे."

"मंग?" गंगू म्हणाली.

"मंग संपलं."

"कोण भेटलं, कोणासंगं लढाई झाली?"

"नाही लिहिलं."

"मागून पाहा ना."

मागून पत्ता होता.

गंगूनं कागदाची घडी केली, कमरेला खोचली आणि माझ्याकडं वळली. "तू सांग वं. मधलं सगळं राहून गेलं त्याचं."

मग मी सांगितलं. वाळूचा डोंगर घातला, बोलणारं खच्चर घातलं, खच्चरानं सांगितलेली गुप्त वाट घातली. गंगूनं शेवटपर्यंत ऐकलं.

"खच्चर बोलत असन," ती म्हणाली, "पण हा कोणाचं ऐकून वाट धरन, हे काही खरं वाटत नाही."

त्यानंतर पत्र नाही. उन्हाळा गेला, दुसरा आला. गंगूचं "पोचला का" मात्र चालूच. ती आता ते हळू आवाजात विचारायची, एवढंच.

*

"एकदा बाईले पाठव ना बाहेर," तुळसा म्हणाली.

मला काय, पाठवली. "एक राजकन्या होती. ती घोड्यावर बसली अन् निघाली."

"सैपाक?" मंजुळाबाई.

"झाला."

"झाकून ठेवला? मांजर असते."

झाकून ठेवला. मग पाणी भरलं. मग आईला विचारलं. आई म्हणाली, बापाला विचार. बाप दरबारात. तो येईपर्यंत वाळवणं आत घेतली. बाप आला तर म्हैस व्यायला झाली. चौघी मिळून आम्ही तिची कामं उरकत होतो आणि एक उरकलं की मंजुळाबाई दुसरं काढत होती. दिवस मावळला तेव्हा राजकन्येचा एक पाय रिकिबीत होता आणि एक अंगणात.

तुळसा वैतागली. "मग राजपुत्र कसा निघून जाते वं?"

"शिशी घेऊन," गंगू म्हणाली.

*

एकदा मी राजपुत्राला कोरड्या विहिरीत टाकलं. वर शिळा बसवली आणि म्हटलं, उद्या काढू. रात्रभरात मला ताप भरला. चार दिवस अंथरुणातून उठले नाही.

दुसऱ्याच दिवशी गंगू घरी हजर. माझ्या कपाळाला हात लावला, तापच आहे हे पाहून घेतलं.

"त्याले काढ."

"कोणाले वं?"

"विहिरीतला."

"बरी झाली की काढीन ना. डोकं फुटून राहिलं माह्यं."

"तू बरी होशीन तेव्हा होशीन. तोवर त्यानं काय खावं? आत्ता काढ."

तिचं तोंड पाहिलं आणि मी थट्टा गिळली. एका धनगरानं शिळा सरकवली, दोर सोडला, राजपुत्र वर आला. एवढं बोलले आणि डोळे मिटले. गंगूनं माझ्या कपाळावर ओली पट्टी ठेवली आणि गेली.

चार दिवसांनी कारखान्यात गेले तर मंजुळाबाई फुगलेली. "आमाले सोडून काढला म्हणे. आमी तिकडं जीव मुठीत धरून बसलो होतो."

काय करता. राजपुत्राला पुन्हा विहिरीत टाकावं लागलं. त्या वेळेस गंगू निवांत बसून बिड्या वळत होती.

*

लढाई संपली म्हणून साखर वाटली, त्यालाही किती दिवस होऊन गेले. माणसं परतत होती, गंगूचं कोणी येत नव्हतं. एका दुपारी मी राजपुत्राला परतीच्या वाटेला लावलं होतं. माझं तोंड दाराकडं. दारात एक माणूस येऊन उभा राहिला. काळा पडलेला, वाळलेला, अंगात खाकी कोट, खांद्यावर पत्र्याची ट्रंक.

माझी गोष्ट थांबली. तुळसानं गंगूला कोपरानं ढोसलं. गंगू वळली. तिनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, पुन्हा पायापर्यंत पाहिलं, आणि तोंड फिरवून पान उचललं.

"बसा तिथं," ती म्हणाली. "हा पोचला नाही अजून."

तो ट्रंकेवर बसला.

आता मला घाई झाली. राजपुत्र एका उडीत नदीपार केला, सात दारं एका लाथेत उघडली, आणून सरळ गावाच्या वेशीत उभा केला.

गंगूनं अर्धी वळलेली बिडी सुपात ठेवली.

"काहून वं, कुठं पळवून राहिली त्याले? नदीत मगर होती ना? अन् सात दारं, ती एकेक करून उघडते तो. पुरं सांग."

"अवं पण गंगे..."

"पुरं सांग."

मग पुरं सांगितलं. मगर सांगितली, दारं सांगितली, दर दाराची किल्ली सांगितली. गंगू दर ठिकाणी "हं" म्हणत होती, घाई काही करत नव्हती. ट्रंकेवरचा माणूस आधी इकडंतिकडं पाहत होता. तिसऱ्या दाराला त्यानं कोट काढला. पाचव्या दाराला पुढं सरकून बसला.

दिवेलागणीला राजपुत्र घरी पोचला. आईनं ओवाळलं, राजानं मिठी मारली. गंगूनं शेवटच्या बिडीला धागा गुंडाळला, सूप झाडलं आणि पदर सारखा करत उठली.

"चला," ती त्याला म्हणाली. "आता तुमी सांगा. अन् बसऱ्यापासून नाही. घरातून निघाले, तिथून."