पहाटे अडकणारं रीळ

बांगड्याचं तिखलं आणि उकड्या तांदळाचा भात पोटात गेला, की दुपारी तीनच्या सुमाराला वैजयंती तांडेलचे डोळे तिचं ऐकत नाहीत. आजही ऐकत नाहीत. दुकानाचं शटर अर्धं ओढून ती स्टुलावर बसली आहे. मांडीवर पास्कू फर्नांडिसचं रीळ आहे आणि त्याचं हँडल ती उगाच फिरवते आहे. रीळ फिरतंय. कुरकुर नाही, अडखळणं नाही. इतकं मऊ फिरतंय, की तिला त्याचा राग येतो.

कारण हेच रीळ पहाटे साडेपाचला जेटीवर अडकतं. पास्कू अंकल म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. आता गळाने मासे गरवणं हीच त्यांची ड्यूटी, आणि तीही ते एक दिवस चुकवत नाहीत. काळोखात जेटीवर जायचं, पहिला गळ टाकायचा, हँडलला हात घालायचा, की हँडल जड. चार फेऱ्यांनी ठप्प. शिव्या घालत घरी यायचं, चहा घ्यायचा, दहाला वैजयंतीचं दुकान उघडलं की रीळ आणून आपटायचं. आणि दुकानात आल्यावर रीळ असं फिरतं, जणू मी त्या गावचंच नाही. नाताळपासून तीन वेळा हे झालं. तिन्ही वेळा तिने ते पूर्ण खोललं, धुतलं, तेलपाणी केलं, जोडलं. तिन्ही वेळा ते पहाटे अडकलं.

"वैजू, तुझो बापूस असतो तर..." काल पास्कू अंकल एवढंच म्हणाले आणि बाकीचं त्यांनी गिळलं. गिळलेलं वाक्यच जास्त लागतं.

तिचे वडील विश्राम तांडेल, गावाचे नाना, जाऊन आता दीड वर्ष होतंय. चाळीस वर्षं त्यांनी याच दुकानात रिळं दुरुस्त केली, मागेल त्याला त्याच्या हाताच्या मापाच्या काठ्या बांधून दिल्या. ते गेले आणि वैजयंती स्टुलावर बसली. उद्या रविवार. उद्या पहाटे रीळ अडकलं तर पास्कू अंकल कोल्हापूरहून तयार माल मागवणार आहेत, आणि जेटीवरचे बाकीचे दहाजण अंकलच्या मागोमागच जातात, हे सगळ्यांना माहीत आहे. मग सोमवारी मोबाइलवाला मांजरेकर, जो एरवी जेटीवर काठी घेऊन दिसतो, गाळा बघायला येणार आहे. तिनेच त्याला ये म्हणून सांगितलंय. बापाचा हात आपल्यात उतरला नाही, तर बापाची गादी तरी कशाला अडवून ठेवायची, असं तिचं चाललंय.

हँडल फिरतंय. एक फेरी, दोन फेऱ्या, तीन. बाहेर रिक्षा जाते, तिचा आवाज लांबत लांबत समुद्राच्या गाजेसारखा होतो. सातव्या की आठव्या फेरीला काउंटरवर नाना बसलेले असतात.

अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी, पाय खाली सोडलेले. हातात चिवारीच्या भरीव बांबूची काठी, आणि काठीच्या शेंड्याला दोन हिरवी पानं फुटलेली. गळ फरशीच्या फटीत सोडलाय. फरशी हलतेय.

"काय गो वैजू, झोपलंस?"

"नाय नाना. काम करतंय," ती लगेच सांगते. नानांना तोंडावर खोटं सांगायची तिची जुनी सवय आहे.

"दिसता," नाना म्हणतात.

तिला इतकं बरं वाटतं, की रडू येईल असं वाटतं. पण नाना समोर असताना रडत बसणं म्हणजे वेळ फुकट घालवणं, म्हणून ती विचारते, "तुमच्या थय गरवूक गावता काय?"

"गावता तर! पण एक वांदो आसा. मासो मरणा नाय. धरलो, बघलो, की परत सोडूक लागता. तोच रावस माझ्याकडे सतरा वेळा इलो. आता ओळखता माका."

"मगे खातास काय?"

"ताच तर," नाना सुस्कारा टाकतात. "तिखल्याचो वास हयसून इलो, म्हणान तर इलंय."

फटीतून एक मासा डोकं वर काढतो, नानांना बघतो आणि परत जातो. नाना काठी बाजूला ठेवून हात पुढे करतात. ती पास्कू अंकलचं रीळ त्यांच्या हातात देते. नाना ते तळहातावर झेलून बघतात.

"ह्या काय, आतून रिकामा आसा?"

"अॅल्युमिनियम आसा नाना. सात बेअरिंगा आसत."

"सात? माझ्या पितळेच्या रिळाक एक पण नव्हती. जेटीवरसून पडला ता पाण्यात, तीन वर्षांनी जाळ्यात गावला. काढून फिरयला, तर फिरला!"

ही गोष्ट वैजयंती लहानपणापासून ऐकतेय. आधी ते रीळ पाण्यात सहा महिने होतं, मग वर्षभर, नाना गेले तेव्हा दोन वर्षांवर आलं होतं. तिकडे गेल्यावरही ते वाढतंच आहे, हे बघून तिला हसू फुटतं.

"रीळ टिकायचा, मासो खय टिकायचो?" ती सुनावते. "दोन किलोचो मोठो मासो लागलो की तुमचा रीळ उलटा फिरून बोटां फोडी. आणि काठीच्या रिंगा सायकलच्या स्पोकांच्या. तंगूस कापून जाय."

तंगूस म्हणजे गळाची नायलॉनची दोरी. ती कापून किती मासे गेले याचा हिशोब नानांनी कधी ठेवला नाही, आणि आताही ते तो विषय ऐकला न ऐकलासा करतात. भिंतीला टेकलेली नवी कार्बनची काठी उचलतात. ही वैजयंतीने बांधलीय, पास्कू अंकलच्या डाव्या हातासाठी. नाना काठीचं बूड फरशीवर टेकवतात, शेंडा एका तळहातावर धरतात, मधोमध दाब देऊन ती हळूच गोल फिरवतात. प्रत्येक काठीला एक ताठर बाजू असते, तिला ते कणा म्हणतात. वाकलेली काठी फिरवली की ती एका जागी आपसूक उडी मारून बसते, तिथे कणा. त्याचा अंदाज घेऊन रिंगा बांधल्या नाहीत, तर मासा ओढताना काठी हातात पिळते.

काठी उडी मारते. नाना रिंगांकडे बघतात, परत कण्याकडे बघतात.

"बराबर धरलंस."

"खरा?"

"माझ्यापेक्षा बराबर. माझी एक रिंग नेहमी जराशी वाकडी जाय. लोक म्हणत विश्रामची खूण. खूण कसली, डोळो कमी होतो."

कोणीतरी दोनदा घंटा ओढतं आणि एसटी सुटते. काउंटर आता खिडकीजवळची सीट आहे. पास्कू अंकल खाकी घालून गाडी चालवताहेत आणि मागे वळून बघत नाहीत. सगळ्या उतारूंनी काठ्या खिडकीबाहेर काढल्यात. डांबरी रस्त्यावरून गळ सरकताहेत. एका बाईला शेवटी आपलीच चप्पल लागते, ती खूश होऊन पिशवीत टाकते.

"पास्कू रागावलोहा काय गो तुझ्यावर?" नाना हळूच विचारतात.

"रागावले नायत. तुमची आठवण काढल्यानी."

"ता रागावण्यापेक्षा वायट."

"नाना, मी सोमवारी दुकान देवन टाकतंय."

बोलून झाल्यावर ती नानांकडे बघत नाही. खिडकीबाहेर बघते, तर बाहेर पाणी आहे, खाली जेटीचे दगड आहेत आणि दोघं उभी आहेत. उजाडायचं आहे. थंडी अशी, की नानांच्या तोंडातून वाफ निघते. वाफ निघतेय याची नानांनाच गंमत वाटते. ते पुन्हा पुन्हा फू करून बघतात.

"टाक बघू," ते म्हणतात.

ती गळ टाकते. हँडल फिरवते. एक फेरी, दोन. हँडल जड होतं. चौथीला ठप्प.

"बघा! बघा, अडाकला!" ती रडकुंडीला येते. "तीन वेळा खोललंय. गिअर बघलंय, बेअरिंगा बघलंय. सगळा सवच्छ. तुमचो हात माझ्यात नाय, नाना. लोक बोलणत नाय, पण सगळ्यांका ठाऊक आसा."

नाना विचारतात, "जोडून झाल्यावर शेवटाक काय करतंस?"

"तुमी करतास ताच."

"माका करून दाखय."

ती दाखवते. नाना आयुष्यभर प्रत्येक रीळ जोडून झालं, की खोबरेलच्या बाटलीत बोट बुडवायचे आणि हँडलच्या मुळाशी एक थेंब सोडायचे. तान्ह्या बाळाला लावतात तशी ही रिळाची तीट. तीट लावली की काम पुरं. वैजयंतीने ती एकदाही चुकवलेली नाही. उलट पास्कू अंकलच्या रिळाची तक्रार आली म्हणून दुसऱ्यांदा दोन थेंब सोडले आणि तिसऱ्यांदा चांगले चार.

 नाना परसदारी न्हाणीच्या दगडावर बसलेत, उघडे, कमरेला पंचा, कानटोपी मात्र डोक्यावर तशीच. बाजूला बंब धुमसतोय. त्यांनी खोबरेलची बाटली तळहातावर उलटी धरलीय. तेल येत नाही. ते बाटलीच्या बुडावर थापट्या मारतात. तरी येत नाही.

"वैजू, तेल येणा नाय गो!"

"थिजला असतला नाना. थंडी आसा. थांबा, बाटली उन्हात ठेवतंय."

हे वाक्य तिने प्रत्येक थंडीत म्हटलं आहे. तिच्या आईने म्हटलं, आजीने म्हटलं. अख्ख्या कोकणात पौष महिन्यात घराघरात कोणी ना कोणी हे म्हणत असतं. पण या खेपेला ते तोंडातून बाहेर पडतं आणि ती बाटली हातात धरून उभीच राहते.

नाना गालात हसतात. "न्हाण्याआधी बाटली उन्हात ठेवतंस. आणि पास्कूच्या रिळाक पहाटे पाचाक ऊन कोण दाखयतलो?"

"अगे बाय माझे," वैजयंती म्हणते.

"माझ्या त्या पितळेच्या धोंड्यात दोन दात्यांच्या मधून मुंगी जाय. तेल थिजांदे, नायतर रेती भरांदे, ता फिरतला. ह्या तुझ्या सात बेअरिंगांत केस जावक जागा नाय. थय खोबरेल घातलंस, वर चार थेंब!"

"तुमीच लावत होतास!"

"तेव्हा दुसरा काय गावायचा? आणि माझा बोट तेलकटच असायचा. केसांक लावन झाला की उरलेला रिळाक पुसायचंय. लोकांनी तेची तीट केल्यानी. माका पण आवाडली, मी कित्याक नाय म्हणू?"

ती हसत सुटते. दीड वर्ष जी गोष्ट ती देवाचं करावं तशी करत आली, ती मुळात बोट पुसणं होतं. नानाही हसतात. बंबाचं झाकण खडखडतं, जणू तेही हसतंय.

"माझो हात तुझ्यात नाय म्हणतंस," नाना डोळे पुसत म्हणतात. "अगो, सगळो माझोच तर हात तो! म्हणान तर अडाकला. तुझो हात कार्बनच्या काठीत दिसलो माका. तो रिळात पण घाल."

"नाना, तुमी परत..."

"पाणी कढत झाला काय बघ आधी."

ती वाकून बंबाच्या तोटीखाली हात धरते.

शटरच्या खालून उन्हाचा पट्टा तिच्या पावलांवर आलाय. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून गेलेत. मान घामेजलीय, ब्लाउज पाठीला चिकटलाय, बाहेर कोणीतरी नारळ सोलतंय. वैजयंती दोन मिनिटं तशीच बसते. मग सवयीने मांडीवरच्या रिळाचं हँडल फिरवते.

ते फिरत नाही.

ती पुन्हा जोर लावते. नाहीच. आणि मग तिला कळतं, की रीळ गार आहे. अंगात घाम आहे, स्टूल तापलंय, हातोडीचा दांडासुद्धा कोमट आहे, आणि रीळ मात्र विहिरीतून आत्ता काढल्यासारखं गार. ती घाईघाईने स्क्रू ड्रायव्हर घेते, हँडल काढते, बाजूची ताटली उघडते. दुपारी ज्या ज्या वेळी तिने हे रीळ उघडलं, त्या त्या वेळी आत छान पातळ, चकचकीत तेल दिसलं होतं आणि ती स्वतःवर खूश झाली होती. आता बेअरिंगवर पांढरा, घट्ट, मेणासारखा थर बसलाय. ती तो नखाने खरवडून तळहातावर घेते. पांढरी गोळी तळहातावर थोडा वेळ तशीच बसून राहते, मग कडेने पारदर्शक होते, घरंगळते, वितळते. वास खोबरेलचा.

तेल वाया कशाला घालवायचं म्हणून ती दोन्ही हात केसांना पुसते. डोळ्यांत पाणी आहे आणि तोंड भरून हसूही आहे, आणि त्यातलं एकही तिला आवरायचं नाहीये. तशाच हाताने ती फोन लावते.

"पास्कू अंकल! अडाकला! तुमचा रीळ अडाकला, माझ्यासमोर, दुकानात!"

पलीकडे कपबशी ठेवल्याचा आवाज येतो. मग, "मगे इतकी खूश कित्याक?"

"कारण चूक गावली. माझीच होती. मी खोबरेल घालत होतंय. आता पेट्रोलान धुतंय, मशीनचा पातळ तेल लावतंय. पहाटे मी येतंय जेटीर तुमच्यावांगडा. थंडीत फिरयन बघूया."

"खोबरेल," पास्कू अंकल म्हणतात. मग एसटीचा हॉर्न वाजावा तसे खो खो हसतात. "विश्रामाचो चावटपणा! ये. पाचाक ये. स्वेटर घालून ये."

दुसरा फोन मांजरेकरला.

"सोमवारी येव नको रे."

"मगे मंगळवारी येव?" मांजरेकर विचारतो.

"मंगळवारी ये," वैजयंती म्हणते. "पण येताना तुझी काठी घेवन ये. रिंगा कशा बांधल्याहत त्या बघूक व्हया."