रफूगार काका आणि रुईची पानं

आमच्या काकांना भोक बघवत नाही. माणूस रफूगार. उंदराने कुरतडलेला कोट त्यांच्या हातून गेला, की भोक कुठे होतं ते मालकालाही सापडत नाही. मावशी सार्वजनिक बागेत माळीकाम करते. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते, त्यामुळे दोघांचं सगळं मला ऐकू येतं, न ऐकायचंसुद्धा.

बागेत दरवर्षी गाडीभर परदेशी रोपं यायची आणि ऊन वाढलं की माना टाकायची. मावशीने पाण्याच्या टाकीमागचा कोपरा मागून घेतला आणि तिथे इथल्याच मातीतली झाडं वाढवली: रुई, निर्गुडी, उंच गवत. घरी गॅलरीतही कुंडीत एक रुई होतीच. लोक नाकं मुरडायचे. "उकिरड्यावर उगवतं ते बागेत कशाला?"

"उकिरड्यावर कोणी पाणी घालतं का?" मावशी विचारायची. "तरी उगवतं ना? मग!"

मग बागेचे नवे साहेब आले. म्हणाले, हे रान काढून हिरवळ करू.

"साहेब, इथे फुलपाखरं होतात," मावशी म्हणाली.

"महिनाअखेरीस येतो. दाखवा. दिसली तर कोपरा तुमचा."

मावशी निर्धास्त होती. रुईवर पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या पानं फस्त करत होत्या. तोवर त्यांची फुलपाखरं झाली असती. पण नेमका तिला ताप भरला. "तू निवांत पड, कोपऱ्याचं मी बघतो," काका म्हणाले. इथेच घोळ झाला.

ताप उतरल्यावर मी तिला धरून बागेत नेलं. काका तिथेच होते. रुईवर एकही अळी नव्हती.

"अहो, अळ्या कुठायत?"

"सगळ्या वेचल्या!" काकांची छाती फुगली होती. "पानांची चाळण केली होती मेल्यांनी. साहेबांनी बघितलं असतं म्हणजे?"

मावशी मटकन बाकावर बसली. "त्यांचीच फुलपाखरं होणार होती हो."

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. "मारल्या नाहीत गं. जेवणाच्या डब्यातून घरी नेल्या. कुंडीतल्या रुईवर सोडल्यात."

आम्ही तसेच घरी आलो. कुंडीत नुसते दांडे उरले होते आणि अळ्यांचा पत्ता नव्हता. मावशी काकांवर चिडायचंही सोडून आत जाऊन पडली, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. एरवी ती त्यांना भाजी निवडण्यावरूनही बोलते. त्या कोपऱ्यातलं एकेक झाड तिने बी टाकून उगवलं होतं.

सकाळी काका गॅलरीतल्या खुंटीवरचा गिऱ्हाइकाचा काळा कोट काढायला गेले आणि ओरडले, "कोणी हात लावू नका!" बाहीखाली, खिशाच्या कडेला, अस्तरात, सगळीकडे हिरवे कोष लोंबत होते. मावशी कोटासमोर उभी राहून हसत होती आणि डोळे पुसत होती.

दुपारी गिऱ्हाईक आलं. दिलेली वेळ काकांनी कधी चुकवली नव्हती. "कोट झालाय हो," ते म्हणाले, "पण आत भाडेकरू आहेत. ते गेल्याशिवाय देता येत नाही." गिऱ्हाइकाने वाकून बघितलं आणि हात जोडून परत गेलं.

साहेब यायच्या दिवशी काकांनी तो कोट हँगरसकट, तान्हं मूल न्यावं तसा बागेत नेला आणि निर्गुडीच्या फांदीला अडकवला.

"इथे कपडे वाळत घालता?" साहेबांनी विचारलं.

"जरा थांबा, साहेब," मावशी म्हणाली. तिने त्यांना बाकावर बसवलं.

एक कोष काळपट होऊन तडकला. ओलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर आलं, कॉलरपर्यंत चढलं आणि हळूहळू नारिंगी पंख उघडत गेले. साहेबांनी घड्याळ बघितलं, मग बघायचं विसरले. फुलपाखरू उडून रुईवर बसलं तेव्हाच ते बाकावरून उठले.

"हिरवळ दुसरीकडे करू," ते म्हणाले. जाताना मावशीला हळूच विचारलं, "हे झाड घरी कुंडीत येतं का हो?"

कोट मालकाला गेला. काका आता रोज मावशीचा डबा घेऊन बागेत जातात आणि तो तिच्या हातात द्यायच्या आधी रुईची पानं उलटून बघतात. काल त्यांनी तिला अख्ख्या बागेला ऐकू जाईल अशी हाक मारली:

"अगं, लवकर ये! भोक पडलं!"