तिथीला चुकलेली ओहोटी

कोलशेतला आमचं भाताचं शेत खाडीला लागून होतं. मधे मातीचा बांध आणि बांधात उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, त्याला वर ओढायची लाकडी फळी. ओहोटीला फळी उचलून शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं आणि भरतीच्या आत ती बंद करायची. खारं पाणी एकदा शेतात मुरलं की दोन-तीन वर्षं भाताचं नाव काढायला नको.

भरती-ओहोटीची वेळ वडील तिथीवरून बोटांवर मोजत. त्यांचं कधी चुकत नसे, आणि हे ते आम्हाला विसरूही देत नसत.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. दिवाळी तोंडावर आली होती, भात पिकून उभं होतं आणि वादळ आलं. समुद्र कोसांवर. "दरिया कंय, आपून कंय!" म्हणत गाव निर्धास्त. दुपारपर्यंत शेतात इतकं पाणी साचलं की लोंब्या बुडायला आल्या. वडिलांनी बोटं मोजली. ओहोटी लागली म्हणाले.

"आदी पानी बगा," आई म्हणाली.

पावसात हातभर पुढचं दिसत नव्हतं. त्यांनी न बघताच फळी उचलली.

वाऱ्याने खाडीचं पाणी उतरूच दिलं नव्हतं. ते उलटं आत घुसलं. वडील फळी खाली दाबायला गेले तर ती कडकन मोडली, आणि हातातल्या तुकड्याकडे बघत ते उभेच राहिले. मला त्यांचा भयंकर राग आला.

आई घराकडे धावली, मी तिच्या मागे. तिने खांदा लावून दाराचं एक झडप चौकटीतून उचलून काढलं आणि "धर" म्हणाली. ठेचकाळत आम्ही ते बांधावर आणलं, खाडीच्या बाजूने तोंडावर सोडलं. पाण्याच्याच जोराने ते घट्ट बसलं. फटींतून मात्र धार लागलीच होती. आई चिखल कोंबू लागली.

"माजा चुकला," वडील म्हणाले. हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"मंग ती बाजू धरा," आई म्हणाली.

खाडीचं पाणी उतरेपर्यंत आम्ही तिघं तिथून हललो नाही; मग दार काढून शेतातलं पाणी सोडलं. शेताचा उघाडीजवळचा तुकडा गेला. बाकीचं भात घरी आलं. दार मात्र फुगलं ते फुगलंच, पुन्हा कधी नीट लागलं नाही.

पुढेही वडील बोटं मोजायचे. पण मोजून झाल्यावर आईकडे वळून विचारायचे, "पानी उतारला?" आणि ती बांधावर जाऊन, बघून, "उतारला" म्हणेपर्यंत फळीला हात लावत नसत.