घरच्या माणसाचा रकाना

मास्तरांची पाठ दुखायला लागली त्याला तीन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून जगातला प्रत्येक माणूस त्यांच्या डोक्यात जायचा. उभा असलेला जायचा, कारण तो उभा राहू शकत होता. बसलेला जायचा, कारण तो सुखाने बसला होता. आणि "काय मास्तर, आता बरं आहे का?" असं विचारणाऱ्या एकाच्या अंगावर तर त्यांनी गळ्यातली टेप काढून फेकली होती.

तयार कपड्यांच्या कारखान्यात ते तेहेतीस वर्षं कापायच्या टेबलावर. साठ थर कापड एकावर एक अंथरायचं, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि मशीन घालून सगळं एकदम कापायचं. हात जरा हलला की साठ बाह्या वाया. मास्तरांची एकही बाही वाया गेली नव्हती, आणि ही गोष्ट त्यांनी कारखान्यातल्या मांजरालासुद्धा ऐकवली होती. त्यांचा नियम एकच: कापायला घेतलेला थर अर्धा सोडायचा नाही. अर्धा सोडला की कापड सरकतं. मग जेवण राहो, नाहीतर घराला आग लागो.

पाठ गेली ती कापडाचा तागा उचलताना. सहा महिन्यांत मणका भरून आला, पण दुखणं काही हलायला तयार नाही. चार डॉक्टर झाले, चौघांनी फोटो उजेडात धरला आणि चौघांनी मान हलवली. शेवटी मालकांनी बोलावलं.

"मास्तर, फोटोत काही निघत नाही. तुम्ही आठवड्यातून तीन दिवस घरी. मी काय समजायचं?"

"समजायचंय ते समजा," मास्तर म्हणाले.

मालकांनी एक चिठ्ठी पुढे सरकवली. मानसोपचार करणाऱ्या बाईंकडे आठ आठवडे जायचं, त्यांची सही आणायची. सही आली तर टेबल तुमचं. नाही आली तर टेबल दुसऱ्याला, आणि तुम्ही गेटवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहीत. गेटवर! मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण टेबल जाणार म्हटल्यावर करतात काय? अडला हरी.

बाईंच्या खोलीत दोन खुर्च्या, एक पंखा आणि एक पडदा. मास्तर बसले नाहीत.

"पडदा तिरका कापलाय," ते म्हणाले. ही त्यांची नमस्काराची पद्धत.

"असेल," बाई म्हणाल्या. वयाने मास्तरांच्या मुलीएवढ्या, पण हलायचं नाव नाही.

"मी वेडा नाही."

"मी कुठे म्हटलं? तुमचं दुखणं खरं आहे, मास्तर. जखम भरली, पण शरीर अजून धोका आहे असं धरून बसलंय. भीती आणि राग त्याला खतपाणी घालतात. ते कमी झालं तर दुखणंही कमी होऊ शकतं."

"म्हणजे मीच माझी पाठ दुखवतो!"

"तसंही म्हटलं नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी एक वही दिली.

वहीत चार रकाने. वेळ. काय केलं. दहापैकी किती दुखलं. आणि चौथा रकाना: घरच्या माणसाने काय पाहिलं. तो घरच्या माणसाने स्वतःच्या हाताने भरायचा. एक दिवस कोरा राहिला तरी सही नाही.

आता मास्तरांच्या घरी माणूस म्हणजे एकच, त्यांची बायको. मुलगी लग्न करून लांब गेलेली. आणि बायकोसमोर वही धरायची म्हणजे मास्तरांचा हात दगडाखाली. कारण ती अकरा वर्षं अर्धशिशीने बेजार होती, आणि मास्तरांनी त्याला एकच नाव दिलं होतं: सोंग. एकदा घरभर पाहुणे असताना ते मोठ्याने म्हणाले होते, "हिचं डोकं काम दिसलं की दुखतं." पाहुणे हसले. तिने सगळ्यांना चहा दिला, कपबशा गोळा केल्या आणि न्हाणीत जाऊन ओकली. त्यानंतर तिने डोक्याचं नाव काढलं नाही. दुसरं बोलणंही फारसं काढलं नाही.

पण वही तिने घेतली. लिहू लागली. आणि काय लिहू लागली! "सकाळी ओरडले. दुपारी पडून ओरडले." "दहापैकी आठ म्हणाले. शेजारी आल्यावर दहा." "मला बघून कण्हले. मी गेल्यावर पेपर वाचला." बाई हे सगळं मास्तरांसमोर मोठ्याने वाचायच्या, आणि मास्तर पडद्याकडे बघत दात खायचे. मेली लिहिते तरी किती!

तिसऱ्या आठवड्यात दुखणं तीनवर आलं. झालं! मास्तरांना हत्तीचं बळ आलं. आज बरं आहे तर उरकून टाकू म्हणून त्यांनी कोटाच्या जाड कापडाचे साठ थर घातले आणि एका दमात कापले. पुढचे तीन दिवस जमिनीवर आडवे. बायकोने लिहिलं, "पाणी मागतात. दिलं की गार आहे म्हणतात."

"बरं वाटलं की वाटेल तेवढं करायचं, मग कोसळायचं," बाई म्हणाल्या. "तीन वर्षं हेच चाललंय. वीस मिनिटं काम. घड्याळ वाजलं की थांबायचं. दुखो, न दुखो."

"थर अर्धा सोडत नाहीत, बाई! कापड सरकतं! कात्री तरी धरली आहे का कधी?"

"नाही. कापडावर ठेवायला काही वजन नसतं का?"

असतात. लोखंडी वजनं. टेबलाखाली डझनभर पडली होती. याचाच मास्तरांना जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी घड्याळ वाजलं. मास्तरांनी अर्ध्या कापलेल्या थरावर वजनं आदळली आणि भिंतीशी जाऊन उभे राहिले. सगळा कारखाना टकामका बघत होता. दहा मिनिटांनी ते परत आले, टेप लावली. कापड तसूभर सरकलं नव्हतं. तेहेतीस वर्षं! त्यांनी मशीनला एक शिवी हासडली आणि कामाला लागले. त्या महिन्यात ते एकदाही घरी राहिले नाहीत.

आठ आठवड्यांच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी बायकोने वही उघडलीच नाही.

"लिही की. उद्या सही आहे."

"नाही लिहीत."

"माझं टेबल जाईल!"

"जाऊ दे," ती म्हणाली. "तुमची पाठ, तुमचं टेबल, तुमचा रकाना. अकरा वर्षं माझं डोकं फुटतंय, मला कुणी वही दिली?"

"तुझं वेगळं आहे!" मास्तर कडाडले. "तुझ्या डोक्याच्या फोटोत काही निघालं नव्हतं!"

बोलून गेले आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. मालकांचंच वाक्य. आठ आठवडे ज्या वाक्याने त्यांचं रक्त उकळत होतं, ते त्यांच्याच तोंडातून जसंच्या तसं बाहेर पडलं होतं.

"तुमच्या तरी कुठे निघालंय?" ती म्हणाली.

मास्तर खुर्चीवर बसले. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. कशी मागतात तेही ठाऊक नव्हतं. येत होतं तेवढंच त्यांनी विचारलं.

"आज तुझं किती आहे? दहापैकी."

तिने त्यांच्याकडे असं बघितलं की मास्तरांनी मान खाली घातली. मग तिने वही ओढली, लिहिलं आणि मिटून त्यांच्या पुढ्यात टाकली.

सकाळी बाईंनी नेहमीसारखं ते पान मोठ्याने वाचलं.

"यांनी आज विचारलं, दहापैकी किती. सात. विचारलं म्हणून कमी झालेलं नाही."

बाईंनी सही केली आणि चिठ्ठी पुढे केली. टेबल राहिलं होतं. मास्तर चिठ्ठी हातात घेऊन तसेच बसून राहिले.

"बाई," ते म्हणाले, "तसली एक कोरी वही आहे का अजून?"