नाथाजीची जोड

नाथाजी पैलवान इस्लामपूरजवळच्या एका खेड्यातला. माणूस कष्टाळू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त अर्जुनाचं नाव निघालं की त्याच्या पोटात दुखायला लागे. अर्जुना नदीपलीकडच्या गावचा पैलवान. अंगानं सडपातळ, हसरा, आणि फडात उतरला की लोक खुळ्यासारखे टाळ्या पिटत. नाथाजीनं कुस्ती मारली तर म्हणत, "चांगली केली, पण अर्जुनाची मजा न्हाई." हे ऐकून त्याचा नुसता जळफळाट होई. अर्जुनाला एकदा सगळ्यांदेखत चीत करायचं, यापलीकडे त्याला आयुष्यात काही नको होतं.

दुसरं महायुद्ध संपलं त्या हिवाळ्यात त्यानं खुराक वाढवला. दिवस रेशनचे, पण घरी म्हशी होत्या. त्याची आई साळूबाई पोटाला चिमटा घेऊन त्याच्यापुढं दूध-तूप ठेवी, वर बदामाची थंडाई. जोर-बैठका मारून गडी असा फुगला की सदरा अंगात जाईना. खूश झाला बेटा! पण जत्रेत वेगळंच घडलं. आमच्याकडे तेव्हा वजनाचा काटा-बिटा नव्हता. पंच दोघांना उघड्या अंगानं शेजारी उभं करत आणि नजरेनं जोड ठरवत. नाथाजीला अर्जुनाशेजारी उभं केलं आणि पंच हसलेच.

"ही जोड बसत न्हाई, गड्या. तू ह्याच्या दुप्पट हाईस."

दुसऱ्याच कुणा धिप्पाड गड्याशी त्याची कुस्ती लागली. ती त्यानं मारलीही, पण त्याचे कान अर्जुनासाठी वाजणाऱ्या टाळ्यांकडे होते.

मग शहाण्यानं उलटं सुरू केलं. तूप बंद, दूध बंद. सकाळी उसाच्या बांधानं पळायचं, दुपारी घोंगडं पांघरून भर उन्हात पुन्हा पळायचं, आणि रात्री अर्धी भाकरी ताकात कुस्करून खायची. गालफडं बसली. साळूबाई रडकुंडीला आली. "आरं, कुनाची नजर लागली रं तुला?" ती विचारी. तो घोंगडं उचलून बांधाकडं निघे. तिला सांगणार तरी काय?

पुढच्या वर्षी सांगलीच्या मैदानात पंचांनी दोघांवर नजर फिरवली आणि होकार दिला. जोड बसली. नाथाजीला आभाळ ठेंगणं झालं.

सलामी झाली, आणि चरबीबरोबर ताकदही गेली हे त्याला कळून चुकलं. अर्जुनानं बघता बघता त्याला खाली घेतलं, पाठीवर कबजा केला, हात छातीखालून घातला. आता पलटी मारली की खेळ खलास. पण तो हात थांबला.

"नाथा," अर्जुना कानाशी पुटपुटला, "तुज्या बरगड्या हाताला लागत्यात रं. आजारी हाईस व्हय?"

त्याची पकड ढिली पडली. नाथाजीनं तेवढ्यात उसळी मारली, त्याला अंगाखाली घेतलं आणि चीत केलं. हलगी कडाडली, डोक्याला फेटा बांधला गेला. पण बघणारे काय आंधळे होते? "अर्जुनानं सोडली," असं बोलत लोक घरी गेले. "लय मोठ्या मनाचा गडी." कुस्ती जिंकली नाथाजीनं आणि कौतुक पुन्हा अर्जुनाचंच.

त्याच आठवड्यात अर्जुना दुधाची चरवी घेऊन दारात हजर. "मावशी, ह्याला जरा खाऊ-पिऊ घाल," एवढंच साळूबाईला बोलून गेला. कुस्तीचा शब्दही काढला नाही. साळूबाईचे डोळे भरून आले. "पोटचं नसून किती माया करतंय लेकरू," म्हणत तिनं पेला भरून नाथाजीपुढं धरला. उपाशी पोट ते! त्यानं पेला एका दमात रिकामा केला आणि पुन्हा पुढं केला. दूध दाट होतं, गोड होतं, आपल्या म्हशींच्या दुधापेक्षा चांगलं होतं. याचाच त्याला सगळ्यात जास्त राग आला.